पावसाची आडकाठी

एम्बेसो गावात पाऊस आला की बायका वाळत घातलेले कपडे नंतर काढायच्या, आधी चुलीत लाकडं सारायच्या. कारण पाऊस पडला की रस्त्यावरचा वासा खाली यायचा. ओल्या लाल मातीवरून ट्रक गेले तर रस्त्याचं शेत होतं, म्हणून सरकारी नियमच होता: पाऊस लागला की सोललेल्या झाडाचा लांबलचक वासा रस्त्यावर आडवा टाकायचा आणि माती सुकेपर्यंत उचलायचा नाही. दुआलाच्या बंदरातून चाड देशाकडे निघालेले ट्रक मग एकामागे एक उभे राहायचे, आणि ड्रायव्हर पावसाच्या आईबापाचा उद्धार करत खाली उतरायचे. उतरलेला माणूस जाणार कुठे? ओनोरीनच्या चुलीपाशी.

ओनोरीन विधवा, हाडापेराने रुंद आणि तोंडाने फटकळ. शेंगदाण्याच्या रश्शातला धुरावलेला मासा आणि पानात गुंडाळून उकडलेला कसाव्याचा कंद, याशिवाय तिच्याकडे काही मिळायचं नाही, आणि कुणी मागितलंच तर शिव्या मिळायच्या. वासा राखायचं काम तिच्या दिराकडे होतं. मेन्झांग त्याचं नाव. डोक्यावर सरकारी टोपी असायची आणि ती तो झोपतानाही काढत नाही असं लोक म्हणायचे.

"वहिनी, तुझा धंदा माझ्या वाशावर चाललाय," तो ताट पुढे ओढत म्हणायचा, "आणि माझ्या वाटणीला कायम शेपटी!"

"वाशाला चव असते का हो भावजी? लोक माझ्या हातचं खायला थांबतात, तुमचा वासा चाटायला नाही."

बाकांवरचे ड्रायव्हर खो खो हसायचे. त्यात सगळ्यात मोठा आवाज न्गाउन्देरेच्या हमीदूचा. "बरोबर बोललीस मावशी! वासा नसला तरी मी इथे थांबणार, अल्लाची शपथ. माझी बायको असा रस्सा करती ना, तर ट्रक विकून घरीच बसलो असतो."

ओनोरीन तोंडाने "चल, गाढवा" म्हणायची आणि माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढायची. डोकं मानाचं. ते दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही.

मग परदेशातल्या कुठल्याशा विकास बँकेने देशाला डांबरी रस्त्यासाठी कर्ज दिलं आणि बँकेची माणसं गावाचं मत विचारायला आली. आंब्याखाली खुर्च्या मांडल्या. काय बोलायचं ते तालुक्याच्या साहेबाने आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. रस्त्याने काय होईल असं बँकेच्या बाईने विचारलं. मुखिया म्हणाला, विकास. शाळामास्तर म्हणाला, विकास. मेन्झांग उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "माझी नोकरी जाईल." साहेबाने डोळे वटारले, मग हसून बाईंना सांगितलं की हा गावातला विनोदी माणूस आहे.

ओनोरीनची पाळी आली. "ट्रक वाढतील, म्हणजे भुकेले वाढतील," ती म्हणाली. "आणि भुकेल्यांसाठी मी आहे."

बाई इतकी खूश झाली की तिने ओनोरीनचे दोन्ही हात हातात घेतले. त्या वर्षी बायकांच्या भिशीत ओनोरीनचा नंबर होता. तिने सगळे पैसे घातले आणि रस्त्याच्या कडेला पक्की खानावळ उभी केली. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, लांब बाकं.

"डोकं ठिकाणावर आहे का, वहिनी?" मेन्झांग कळवळून म्हणाला. "भुकेला माणूस थांबत नाही. अडलेला थांबतो."

ते तिला असं झोंबलं की त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या ताटात नुसता रस्साच पडला.

रस्ता झाला. बांधणारे मजूर होते तोवर खानावळ भरलेली असायची आणि ओनोरीन दिराकडे बघून नाक उडवायची. मग मजूर गेले, मंत्री आला, फीत कापली, बायका एकाच छापाचे कपडे घालून नाचल्या. ओनोरीन सगळ्यांच्या पुढे नाचली. सरकारने मेन्झांगकडून टोपी परत घेतली. निकामी झालेला वासा त्याने एकट्याने ओढत नेला आणि खानावळीच्या मागे टाकला.

दुसऱ्या दिवशी तिने मोठं पातेलं चढवलं. ट्रक खरंच वाढले होते. सूं करून यायचे आणि सूं करून जायचे. हमीदूचा निळा ट्रक तिने लांबूनच ओळखला आणि माशाचं डोकं बाजूला काढून ठेवलं. त्याने खिडकीतून हात हलवला, हॉर्न दोनदा वाजवला आणि निघून गेला. आज घाईत असेल, ती म्हणाली. पुढच्या खेपेलाही तो घाईत होता. मग तिने डोकं काढून ठेवणं सोडलं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

खोटं कशाला बोला, रस्ता वाईट नव्हता. सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा त्याच रस्त्याने तिला बेर्तुआच्या दवाखान्यात वेळेवर नेलं, नाहीतर नात हाती लागली नसती. त्या पोरीला मांडीवर घेऊन ओनोरीन रिकाम्या बाकावर बसायची आणि धावणारे ट्रक बघायची. रस्त्याला मनासारखी शिवी द्यायचीही सोय राहिली नव्हती. याचाच तिला जास्त संताप यायचा.

रस्त्याने किती भलं केलं ते पाहायला बँकेची तीच बाई पुन्हा आली. ओनोरीनने घरातला सगळ्यात चांगला मासा काढला आणि पहाटेपासून शेंगदाणे वाटले. यांनीच रस्ता दिला, हे तरी जेवतील.

"ट्रक वाढले?" बाईने विचारलं.

"वाढले."

"दवाखाना जवळ झाला?"

ओनोरीनने नातीकडे बोट दाखवलं. बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं!"

"बसा," ओनोरीन म्हणाली. "आधी जेवा, मग सगळं सांगते."

बाईने घड्याळ पाहिलं. "जेवण बेर्तुआला ठेवलंय हो. रस्ता आता इतका छान झालाय, तासाभरात पोचू!" ती हे अगदी प्रेमाने म्हणाली. गाड्या गेल्या.

ओनोरीनने पातेल्यावर झाकण ठेवलं. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजायला लागला. ती तशीच उठली.

"भावजी, चला. वासा धरा."

"वेड लागलंय का तुला? पोलीस उचलून नेतील!"

"नेऊ देत. तिथे खाणारी माणसं तरी असतील."

दोघांनी तो वासा चिखलातून ओढत आणला आणि डांबरी रस्त्यावर आडवा टाकला. थोड्याच वेळात वळणावरून ट्रक आला, ब्रेक किंचाळले, आणि वाशापासून हातभर अंतरावर तो थांबला. ट्रक निळा होता. हमीदू खाली उतरला.

"मावशी! आत्ता मेलो असतो मी!"

"पाऊस पडलाय. वासा पडलाय. चल, जेव."

तो हसला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "मावशी, आता मालक वेळ बांधून देतो. जरा उशीर झाला की पगार कापतो."

"शपथ घेतली होतीस तू. वासा नसला तरी थांबेन म्हणाला होतास."

हमीदूने खानावळीकडे पाहिलं. सिमेंटची जमीन, लांब बाकं, एकही माणूस नाही. त्याने खिशात हात घातला आणि फ्रँकची मोठी नोट तिच्या हातात कोंबली. "हे ठेव. समज, मी जेवलो."

तिने नोट पाहिली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात परत खोचली. इतक्या वर्षांत तिने भीक घेतली नव्हती आणि उधारही दिलं नव्हतं.

"उचला भावजी," ती म्हणाली.

मेन्झांगने वासा बाजूला ओढला आणि सवयीने सलाम ठोकला. ट्रक गेला. या वेळी हॉर्न वाजला नाही.

आत येऊन तिने दोन ताटं वाढली. माशाचं डोकं तिने मेन्झांगला घातलं. तो खाली मान घालून खाऊ लागला.

"वा! झकास झालाय रस्सा, वहिनी."

"खरं सांगा भावजी," ती म्हणाली. "चांगला झालाय, की तुम्हीही अडलेलेच?"

मेन्झांगने ताट आणखी जवळ ओढलं. टोपी गेल्यापासून त्याला दुसरीकडे कुठे जेवण नव्हतं.