खुर्चीवरचे लाल लेबल

चिमट्यातले पन्नास मिलिग्रॅमचे वजन थरथरत होते. वजनकाट्यांच्या तपासनिसांनी श्वास रोखून पाहिला, कोपर टेबलावर टेकवून पाहिले. थरथर थांबेना.

"अहो, उरलेत तीनच काटे," साहेब दारातून म्हणाले. "आज माल जायचाय. करा सही डोळे झाकून."

"हात कापतोय, साहेब."

"चहा कमी पडला असेल!" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

औषधांच्या या कारखान्यात त्यांच्या सहीशिवाय वजनकाटा वापरत नसत. नवी मंडळी त्यांना 'दहाचा ठोका' म्हणत. लग्न असो की निरोप समारंभ, दहाच्या ठोक्याला स्वारी अंथरुणात. बारा वर्षांपूर्वीचे या नव्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा चार दिवस न झोपता त्यांनी चाळीस काटे 'सुधारायला' खोलून ठेवले होते, आणि पुढचे तीन महिने त्यांना साधे उठून बसवत नव्हते. पुन्हा असे झाले तर सहीचा अधिकार जाईल, अशी तंबी मिळाली होती. तेव्हापासून रोज मनाचा तोल राखणारी लिथियमची गोळी आणि एक वही. झोप, पाणी, चालणे, जेवणाच्या वेळा, दुपारनंतर चहा बंद.

त्यांनी खणातून 'वापरू नये'चे लाल लेबल काढले, तारीख घातली आणि स्वतःच्या खुर्चीला अडकवले.

"तपासणारा शून्यावर नाही. दुसरा माणूस बोलवा."

या वेळी साहेब हसले नाहीत. ते चाळीस काटे त्यांनी पाहिले होते.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "आजची गोळी घेऊ नका. आत्ताच्या आत्ता येऊन रक्त द्या." लिथियमचे प्रमाण वाढलेले निघाले. वहीत मात्र कुठे चूक सापडेना. डॉक्टरांनी सोबत आलेल्या बायकोला विचारले, "जेवणात काही बदल?"

"आईंचं बीपी वाढलं म्हणून पंधरा दिवस सगळ्यांचंच मीठ तोडलंय. म्हटलं, यांनाही बरंच."

"मीठ एकदम घटलं की लिथियम अंगात साठत जातं, बाई."

घरी पोचल्यावर दारातच तिचा बांध फुटला. "पंधरा दिवस अळणी मुकाट गिळलंत! बोलायचं नाही का?"

"तू एवढ्या मायेनं वाढत होतीस. आणि वहीत मिठाचा रकाना नव्हता. चूक माझी."

आई आतून म्हणाली, "मी तर रोज वरून घेत होते बाई! अळणी कुठं जातं घशाखाली?"

बायको रडता रडता हसली. त्याच संध्याकाळी त्यांनी पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखला. रेघ वाकडी आली. तशीच ठेवली.

दहाव्या दिवशी, रक्ताचा अहवाल ठीक आल्यावर, ते कामावर गेले. खुर्ची होती तिथेच होती, लेबलासकट. तिच्यावर कोणी बसलेले दिसत नव्हते. बाहेरून आलेल्या माणसाने स्टूल वापरले होते. त्यांनी उभ्यानेच चिमटा उचलला. वजन हवेत धरले. वजन पारड्यात ठेवले; आकडा आला पन्नास.

लाल लेबल काढून त्यांनी हिरवे घेतले, 'तपासले, योग्य' लिहिले आणि साहेबांपुढे धरले.

"मी कशाला? सहीचा अधिकार तुमचा."

"स्वतःच्या काट्यावर स्वतः सही करत नाहीत, साहेब."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले, सावकाश पूर्ण नावाची सही केली. मग सही झालेले लेबल परत घेऊन त्यांनी खुर्चीला अडकवले, ती पुढे ओढली आणि ते त्या दिवशीच्या काट्यांकडे वळले.