दोरीवरचा चिमटा

ज्याचे नाव घेतल्यावाचून मी आजवर दिवा लावला नाही, त्या पांडुरंगाला दंडवत घालून ही हकीकत सांगतो. सांगताना माझ्याकडून काही लपवले जाऊ नये, एवढेच त्याच्यापाशी मागणे.

दोन हजार अकराच्या जानेवारीअखेर, इजिप्तमध्ये सरकारविरुद्ध उठाव झाला आणि आमच्या अलेक्झांड्रियातले पोलीस रस्त्यांवरून नाहीसे झाले, तुरुंग फुटल्याच्या बातम्या आल्या आणि दुपारी तीनपासून संचारबंदी लागली, तेव्हा आमच्या गल्लीने आपला बंदोबस्त आपणच केला. आमच्या इमारतीच्या पायथ्याशी, गल्लीच्या तोंडावर, जुना सोफा, टायर आणि फळांच्या पेट्या रचून अडसर उभा राहिला आणि रिफअत न्हाव्याने तिथे एक पद्धत बसवून दिली. दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली; बाहेर जाणाऱ्याने आपले नाव लिहिलेला लाकडी चिमटा तिला लावायचा आणि परतल्यावर काढून घ्यायचा. दोरी मोकळी झाली की गल्लीतली सगळी माणसे आत पोचली असे समजून वाट बंद व्हायची. त्यानंतर येईल तो परका, मग तो काहीही सांगो.

माझ्या चिमट्यावर ‘हिंदी मास्तर’ असे लिहिले होते; हिंदी म्हणजे त्यांच्या बोलीत हिंदुस्थानचा. एकोणीस वर्षे मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवीत होतो. त्या दिवसांत माझी पत्नी इंदुमती पायाचे हाड मोडून चौथ्या मजल्यावर प्लास्टरमध्ये होती. खुर्ची सरकवीत ती गॅलरीपर्यंत कशीबशी जाई, जिना मात्र तिला अशक्य होता. रोज सकाळी मी रोट्या आणि तिच्या दुखण्याच्या गोळ्या आणायला बाहेर पडे, आणि तीनच्या आत तिच्यापाशी परतणे हेच माझे त्या काळातले एकमेव व्रत होते.

पहिल्या दिवशी मी तसाच पुढे शाळेत गेलो. परदेशी शिक्षकांना नेणाऱ्या विमानाची यादी तिथे चालली होती.

“मास्तर, विमान परवा,” कचेरीतल्या इनासबाई म्हणाल्या. “जिना उतरता येतो त्यांचीच नावं घेतेय. बाईंसाठी स्ट्रेचर कुठून आणू मी? नर्सेस घरी बसल्यात.”

“मग माझंही राहू द्या,” असे मी म्हणालो खरा. पण त्या चहा सांगायला आत वळल्या तेव्हा, मागाहून खोडता येईल अशी मनाची समजूत घालीत, मी पेन्सिलीने माझे एकट्याचे नाव लिहिले.

सव्वादोनला अडसरापाशी आलो, तो दोरीवर माझा चिमटा नव्हता.

“अहो मास्तर, पुन्हा कधी बाहेर पडलात?” रिफअत हसत म्हणाला. “आत्ताच रोट्या घेऊन वर गेलात की!”

“मी?”

“नाही, मी! वय झालं मास्तर, बदाम खात जा. उद्या म्हणाल, दाढी करायची राहिली, आणि माझ्याकडून दोनदा करून घ्याल.”

सगळे हसले. आमच्या इमारतीचा म्हातारा दरवान सबूरकाका पुढे आला आणि म्हणाला, “सोडा रे, आपलेच आहेत.” त्याच्या शब्दावर मी आत गेलो.

वर, टेबलावर फडक्याखाली रोट्या झाकलेल्या होत्या. इंदुमतीच्या उशाशी गोळ्यांचे नवे पाकीट होते. “आता पुन्हा कशाला गेला होतात?” तिने विचारले. हातातली पिशवी मी दाराआड ठेवली. हे कोणी आणले असे मी विचारले असते, तर तुम्ही इतका वेळ कुठे होतात असे तिनेही विचारले असते. म्हणून मी फडके काढून तिला रोटी वाढली.

दुसऱ्या दिवशी ते नाव खोडायचे एवढ्यासाठीच मी शाळेत गेलो. यादी टंकून पुढे गेली होती. “उद्या नऊला बस,” इनासबाई म्हणाल्या, आणि मी ‘नको’ म्हणालो नाही.

परतलो तेव्हाही दोरीवर माझा चिमटा नव्हता. पण रिफअतने या वेळी थट्टा केली नाही. “मघाशी आमच्याबरोबर बसून चहा प्यालात,” तो माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत म्हणाला. “माझ्या आईच्या डोळ्यांची चौकशी केलीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.”

त्याच्या आईच्या डोळ्यांना काही झाले आहे हेही मला ठाऊक नव्हते. सबूरकाकाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि तो वाट देत बाजूला झाला.

वर इंदुमती उशाला टेकून बसली होती. तिचे केस विंचरून वेणी घातलेली होती आणि खोलीत तेलाचा वास होता.

“किती दिवसांनी वेणी घालून दिलीत,” ती म्हणाली. “आणि हरिपाठही म्हटलात, अगदी सावकाश. नाहीतर रोज गाडी चुकेल अशा घाईत म्हणता.”

“मी आता कुठून आलो?”

“खालून. जरा जाऊन येतो म्हणालात ना?” ती प्रसन्न हसली. ते हसू मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते, आणि ते माझ्यामुळे उमटलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आतल्या खिशात पासपोर्ट ठेवून मी रोट्या आणायला म्हणून निघालो. ती “लवकर या” म्हणाली. मी मागे वळून पाहिले नाही. शाळेपाशी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शहराबाहेर रणगाड्यांनी बस दोन तास अडवली, आणि ती पुन्हा सुरू होताच मी चालकाला ओरडून थांबवले. उतरलो. वाहन मिळेना. छातीत कळ येईपर्यंत चाललो, मधूनच धावलो, आणि तीनला दहा मिनिटे असताना गल्लीच्या तोंडाशी पोचलो.

दोरी मोकळी होती. अडसर लागला होता.

“कोण पाहिजे?” रिफअतने हातातली काठी आडवी धरली.

“अरे, मी मास्तर!”

“मास्तर वर आहेत. गल्लीतलं कुणी बाहेर नाही.”

“सबूरकाका, तुम्ही तरी सांगा यांना!”

म्हातारा जवळ आला. त्याच्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. “दिसतो मास्तरांसारखाच,” तो इतरांना म्हणाला. “म्हणून तर मीच फसलो. दोनदा आत सोडला याला.”

मी पासपोर्ट काढून उघडला. त्याने फोटो पाहिला, मला पाहिले आणि पासपोर्ट मिटून परत दिला.

“आमचे मास्तर,” तो शांतपणे म्हणाला, “खिशात पासपोर्ट घालून रोट्या आणायला जात नाहीत.”

मग मी चौथ्या मजल्याकडे तोंड करून तिला हाक मारली. बाहेरच्या कुणाला ठाऊक नसलेल्या, लग्नाआधीच्या नावाने मारली. गॅलरीचे दार उघडले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती कठड्याशी आली, वाकून तिने मला नीट पाहिले, आणि मग मान वळवून खोलीत आत पाहिले, जणू कोणाला काही विचारत होती. आतून मिळालेले उत्तर मला ऐकू आले नाही. तिने नकारार्थी मान हलवली.

थोड्या वेळाने त्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली हळूहळू खाली आली.

“सबूरकाका, दमलेला दिसतो हो बिचारा,” वरून तिचा आवाज आला. “त्याला म्हणावं, खाऊन घे, आणि उजेड आहे तोवर आपल्या घरी जा.”

टोपलीत बाकल्याच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ भरलेल्या दोन रोट्या होत्या, नुकत्याच गरम केलेल्या. आणि रस खाली गळू नये म्हणून त्यांची कड आत मुडपली होती, अगदी तशी, जशी मी मुडपतो.

ऐकणाऱ्या सर्वांचे कल्याण होवो. तुमच्या घरात अन्न असो, शांती असो, आणि दिवस मावळण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या घरी ज्याचे त्याचेच माणूस पोचो.