कोमूसाचं शेवटचं घर

मालीतल्या आमच्या जेन्ने गावात माणसाला दोन गोष्टी बदलता येत नाहीत: आई आणि गवंडी. घराचा गवंडी बापाकडून मुलाकडे येतो. तो स्वतःच्या तोंडाने “मोकळं केलं” म्हणेपर्यंत दुसरा कुणी त्या घराला बोट लावत नाही. लावलं तर घर अंगावर कोसळतं म्हणतात. माझी अंगणाकडची भिंत तशीही कोसळलीच होती, आणि माझा गवंडी कोमूसा गुडघे धरून घरी बसला होता.

मी पुन्हा त्याच्याकडे निघाले. वाटेत मशीद लागली. नुकतंच लिंपण झालेलं, माती अजून ओलसर, तिला तुसाचा आंबूस वास. इतकी वर्षं लिंपणाच्या दिवशी भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडांवर पाय ठेवत सगळ्यांत आधी कोमूसा वर चढायचा. यंदा तो खाली चटईवर होता. मी तिकडे बघायचं टाळलं होतं.

तो बोझो, मासे धरणाऱ्या जमातीचा. आम्ही डोगोन, कांदे पिकवणारे. एकमेकांना टोमणे मारणं आमचं पिढीजात कर्तव्यच. टोमण्याला उत्तर दिलं नाही, तर तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

“काय रे मासेखाऊ, नदी आटली म्हणून तुझा वास कमी झाला का?”

“ये यासेगी. बस.”

एवढंच.

त्याची सून चहा ओतत होती. ती हळूच म्हणाली, “लिंपणाच्या दिवशी मामंजी मशिदीवर चढायला निघाले होते. धरून बसवलं आम्ही.”

“कोमूसा, मोकळं कर मला,” मी म्हटलं. “लासिना करील काम. तुझ्याच हाताखाली शिकलाय.”

“मी येतो ना. जरा गुडघे बरे होऊ देत.”

“गेल्या पावसाच्या आधीही हेच म्हणालास.”

तो गुडघे चोळू लागला. “बाकीची सगळी घरं सोडली मी. तुझं एकच उरलंय. तेही सोडलं तर मी गवंडी कसला?”

मीही कंटाळले होते. दरवर्षी मातीला, दरवर्षी पावसाला, बामाकोहून फोनवर “सिमेंट लाव” म्हणणाऱ्या मुलाला. पण पाऊस कुणाचं मन बघून थांबत नाही.

मग त्याच्या वाटचा टोमणा मीच त्याच्या घोगऱ्या आवाजात सुरू केला, “गप गं कांदेखाऊ! तुम्ही डोंगरातल्या बिळांत राहणारी माणसं. भिंत म्हणजे काय ते माझ्या बापाने दाखवलं तुम्हाला!”

सून ओतायची थांबली.

“बिळांत नाही, कपारीत,” कोमूसा म्हणाला. “माझ्या तोंडचं आहे तर नीट तरी म्हण.”

मग तो ताठ बसला. “सूनबाई, तू साक्षीला आहेस. या कांदेखाऊ बाईचं घर मी मोकळं केलं. लासिनाला निरोप दे. म्हणावं, काम चांगलं कर, फक्त नाक दाबून कर.”

मला हवा तो शब्द मिळाला, हवा तो टोमणाही मिळाला. मी हसले. कोमूसा हसला नाही. तळवे मांडीवर उलटेपालटे करून बघत बसला.

मी चहा अर्धा टाकून उठले. त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.