अकरा ते वीस

"बाई, कागदावर हत्तीसुद्धा मावतो," मुकादम म्हणाला आणि त्यानं कपाटाखालचा खांदा काढून घेतला.

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. पुढं जाईना, मागं येईना. वर दोन हमाल, खाली दोन, आणि मधे भिंतीला पाठ लावून उभ्या मापवाल्या बाई. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत मापं घ्यायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. आदल्या आठवड्यात येऊन त्यांनी या घरातला चमचान् चमचा टिपून नेला होता. काय आधी निघेल, ट्रकमध्ये काय कुठं बसेल, याचं चित्रसुद्धा काढलं होतं. जिन्याची रुंदी घेतली, कपाटाची खोली घेतली, दोन बोटं जागा उरत होती. कठड्याच्या टोकाचा लाकडी लट्टू तेवढा धरायचा राहिला, आणि त्या मेल्या लट्टूनंच घात केला.

"तुमचा फोन केव्हाचा गुरगुरतोय," वरचा हमाल म्हणाला. "घ्या की. कपाट काही पळून जात नाही."

बाईंनी फोन पाहिला आणि त्या कपाट विसरल्या.

हे समजायला थोडं मागं जायला हवं. टीव्हीवर एका मालवाहू बोटीची मालिका लागायची. बाई ती चुकवत नसत. एका भागात बोट वादळात सापडली, म्हाताऱ्या सुकाण्यानं सुकाणू हातात घेतलं, आणि तिथंच मालिका बंद पडली. चॅनेलचं काय बिनसलं कोण जाणे. अशा अर्धवट सोडलेल्या गोष्टी पुढं चाहतेच लिहितात, त्याला फॅनफिक्शन म्हणतात आणि त्यासाठी वेगळ्या साइट असतात, हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी 'मोजपट्टी' असं नाव घेतलं आणि बोट वादळातून बाहेर काढली. लोक वाचू लागले. मग बाईंनी लिहिणं सोडलं नाही.

त्या साइटवर लिहिणाऱ्यांची दोन घराणी होती. एक ठरवून लिहिणारे, दुसरे सुचेल तसे सुटणारे. दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. दुसऱ्या घराण्यातले म्हणत, "शेवट माहीत असेल तर लिहायचं कशाला?" बाईंना हे बोलणं पोरकट वाटे. शेवट माहीत नसताना माणूस पहिलं पाऊल टाकतोच कसा? त्यांनी वीस भागांचा आराखडा आधीच बांधला होता. विसाव्या भागात म्हातारा सुकाण्या जाणार होता. सगळी माणसं भोवती, सगळ्यांशी बोलून झालेलं, असा व्यवस्थित.

आणि आज सकाळी घाईघाईत अकरावा भाग टाकायच्या ऐवजी त्यांनी अकरा ते वीसचा आराखडाच टाकला होता.

"अहो, दहाच्या दहा भाग एकदम?" एका वाचकानं लिहिलं होतं. दुसरा म्हणत होता, "सुकाण्या मरणार?" तिसरीनं नुसत्या रडक्या तोंडांची रांग लावली होती. बाईंनी जिन्यात उभ्या उभ्या तो आराखडा काढून टाकला, पण सुटलेला बाण कुठं परत येतो? एकच माणूस गप्प होता. 'मोतीबिंदू' नावाचा एक वाचक पहिल्या भागापासून दर वेळी एक तिरकस ओळ टाकायचा. "बोट रिकामी असली की जास्त हलते, भरलेली नाही. सुधारा." असलं काहीतरी. आज त्याची ओळ नव्हती. बाईंना ते का कोण जाणे, जास्त लागलं.

"उलटं करा रे," मुकादम म्हणाला.

"काय उलटं?"

"कपाट. डोक्यावर उभं करा."

"त्यानं काय होईल?" बाई म्हणाल्या.

"बघू तरी."

कपाट डोक्यावर उभं राहिलं. वरचा नक्षीचा भाग खाली गेला, अरुंद पाय लट्टूच्या उंचीवर आले आणि ते अलगद वळून खाली गेलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठं होतं?" मुकादम घाम पुसत म्हणाला. "नसतं गेलं तर दुसरं काहीतरी केलं असतं."

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा अप्पा नेहमीप्रमाणे खुर्चीत होते. अप्पा म्हणजे त्यांचे सासरे. जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेला माणूस. घरात आता ही दोघंच. अप्पांचा थोरला मुलगा, बाईंचा नवरा, चार वर्षांपूर्वी सकाळी कामाला गेला आणि दुपारी फोन आला. तो काही बोलून गेला नाही, कारण बोलण्यासारखं काही आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. धाकटा मुलगा दुसऱ्या गावी असतो. सासरा-सून मिळून राहतात, एकमेकांना जपतात आणि त्या दुपारचं नाव काढत नाहीत. गेल्या वर्षी अप्पा न्हाणीघरात घसरले. तेव्हापासून बाईंनी त्यांचा दिवस नीट आखून दिला होता. गोळी केव्हा, चहा केव्हा, झोप केव्हा. गॅसला हात लावायचा नाही. जिना एकट्यानं उतरायचा नाही.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय," अप्पा म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. जेवतानाही एक शब्द नाही. बाईंना वाटलं, हवा बदललीय, त्यानं असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनवर बसणाऱ्या नव्या मुलीनं चिठ्ठी पुढं केली. "मॅडम, छोटं काम आहे. एकटे आजोबा आहेत. एक खाट, एक खुर्ची, एक पेटी. आजच माप घ्यायला या म्हणाले. फार गोड बोलत होते हो."

बाईंनी पत्ता वाचला. मग परत वाचला.

मुकादमानं खांद्यावरून डोकावलं. "अहो, हे तर तुमचंच घर!"

"हो," बाई म्हणाल्या. "दिसतंय मला."

"मग मी येऊ का?"

"माप घ्यायला कशाला दोघं?" असं म्हणत त्यांनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि मुकादमानं समजून दुसरीकडे पाहिलं.

किल्ली पर्समध्ये होती, तरी त्यांनी घंटी वाजवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अप्पांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"या. मापं घ्यायला आलात ना?"

"हो." बाईंनी पर्समधून टेप काढला. हातांना काम माहीत होतं. "सामान कुठं न्यायचंय?"

"धाकट्याकडे."

"त्यांना कळवलंय?"

"नाही. कळवलं की तो ठरवत बसेल. ठरवणारी माणसं मला एका घरात एक पुरे झाली."

बाई खुर्चीपाशी वाकल्या. पाठीची उंची घेतली, हातांमधली रुंदी घेतली, आणि आकडा न लिहिता तशाच बसून राहिल्या. "माझं काय चुकलं अप्पा? सांगून तरी जा."

"अकरा ते वीस मी काय करतो?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? अकरावा भाग, सुकाण्या खुर्चीत. बारावा, सुकाण्याला थंडी वाजते. तेरावा, खुर्चीतून समुद्र बघतो. चौदाव्यात तर माझं नावच नाही! पंधराव्यात खोकला. अठराव्यात मोठा खोकला. विसाव्यात मेलो तेव्हा मी म्हटलं, सुटला बिचारा."

बाईंनी मान वर केली. "मोतीबिंदू... तुम्ही?"

"डोळ्याच्या ऑपरेशननंतर दिवसभर काय करणार? तुझा लॅपटॉप उघडा होता, त्यावर बोट दिसली. म्हटलं, मालिका परत सुरू झाली की काय." अप्पा खाटेवर टेकले. "वाचायला लागलो तर दोन पानांत कळलं. सुकाण्या शिंकल्यावर स्वतःलाच शिव्या घालतो. असा जगात मी एकटाच आहे."

"तुम्हाला मारायचं नव्हतं हो मला!"

"अगं, मरणाचं कोण बोलतंय? या वयात ते नाव घेतल्यानं जवळ येतं थोडंच? छान लिहिलं होतंस मरण. सगळे भोवती, कुणाचं काही बोलायचं राहिलं नाही. मला कळलं ते कुणासाठी लिहिलंस." ते थांबले. "माझाही मुलगाच होता तो."

चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात त्याचं नाव न घेता का होईना, पण त्याच्याबद्दल कुणी बोललं. बाई रडल्या. आवाज न करता वगैरे नाही, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. अप्पांनी त्यांना रडू दिलं.

"तो न सांगता गेला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, निदान गोष्टीत तरी कुणी न सांगता जाऊ नये. म्हणून सगळं आधी ठरवून ठेवलं."

"ते ठीक. पण म्हणून मला दहा भाग आधीपासून निरोप द्यायला बसवलंस? त्या बोटीवर आणि इथंही." अप्पांनी खुर्चीकडे हात केला. "गॅस नको, जिना नको, बाहेर नको. पोरी, मी तिथं वाचत होतो कारण तिथं तरी सुकाण्या उठून कुठंतरी जाईल असं वाटत होतं."

"तुम्ही पडला होतात अप्पा."

"पडलो होतो. उठलोही होतो. ते कुणी लिहून नाही ठेवलं."

बाईंनी टेप बोटावर गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. त्यांना सगळा आराखडा डोळ्यांसमोर दिसत होता. इतका नेटका, आणि त्यात एक जिवंत माणूस कोपऱ्यात सरकवलेला. जड सामान आधी चढवून भिंतीला लावतात ना, तसा.

"मग अकराव्यात काय करू?" त्यांनी विचारलं.

"मला विचारतेस? लिहिणारी तू."

"मला माहीत नाही."

हे त्या आयुष्यात क्वचितच म्हणाल्या असतील. जिन्यात कपाट अडकलं तेव्हासुद्धा म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या आणि त्यांना भीती वाटायच्या ऐवजी मोकळं वाटलं. कितीतरी दिवस कुणाचं तरी ओझं दोन्ही हातांत धरून उभं राहावं आणि कुणीतरी म्हणावं, ठेव ना खाली, तसं. त्यांना हसूच आलं.

"खरंच माहीत नाही अप्पा. काहीच सुचत नाहीये."

"झकास," अप्पा म्हणाले. "आता वाचायला मजा येईल."

तेवढ्यात फोन वाजला. मुकादम होता. "बाई, लहान गाडी पाठवू की मोठी?"

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढत होते.

"आज राहतो," ते म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

उद्याचं म्हणजे किती दिवसांचं, महिन्याचं की कायमचं, हे विचारायला बाईंची जीभ शिवशिवली. त्यांनी ती आवरली. "गाडी नको," त्या फोनवर म्हणाल्या. "गिऱ्हाईक पळालं."

"हुश्श!" मुकादम म्हणाला. "इकडे आम्ही सगळे हात जोडून बसलो होतो."

त्या संध्याकाळी बाईंनी अकरावा भाग लिहायला घेतला. जुना लिहिलेला बाजूला सारला. सुकाण्याला खुर्चीतून उठवलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. उठल्यावर तो सरळ सुकाणूपाशी गेला, तिथल्या तरुण खलाशाला म्हणाला, "सरक," आणि धुक्यात त्यानं बोट अशा दिशेला वळवली जिकडे बाईंनी नकाशात काहीच काढलेलं नव्हतं. थोड्याच वेळात बोट वाळूत रुतली. आता तिला कसं काढायचं याचा बाईंना पत्ता नव्हता. त्यांनी तो भाग तसाच साइटवर टाकला. भीत भीत, पण टाकला.

"हे आराखड्यात नव्हतं!" वाचकांनी एकच कल्ला केला. "सुकाण्या वाचणार का?" सगळ्यांत खाली मोतीबिंदूची ओळ होती. "वाळूत रुतलेलं जोर लावून निघत नाही. आधी माल उतरवा. पुढचा भाग लवकर." ती ओळ लिहिणारा माणूस पलीकडच्या खोलीत होता आणि भिंतीतून त्याचं स्वतःशीच हसणं ऐकू येत होतं.

सकाळी बाईंना जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजानं. त्या उठून बाहेर आल्या. खुर्ची रिकामी, खाटेवरची चादर नीट ओढलेली. जिन्यात पावलं वाजत होती. एक पायरी, थांबणं, पुढची पायरी. बाई दारापर्यंत गेल्या, हात कडीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. पावलं खाली पोचली तेव्हा त्यांनी कडी सोडली.

मग त्या खिडकीशी आल्या. अप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते, कशाचाही आधार न घेता. दोन्ही बाजूंना पाहिलं, एक रिक्षा जाऊ दिली आणि रस्ता ओलांडला. पलीकडे उजव्या हाताला बाग होती, बाकं होती, सावली होती. बाईंनी ठरवलं असतं तर त्यांना तिकडेच पाठवलं असतं. अप्पा कोपऱ्यावर क्षणभर थांबले, बागेकडे पाहिलं आणि डावीकडे वळले.