जागा राखणारी खुर्ची

मी एक खुर्ची बोलते आहे, आणि आरंभीच सांगून ठेवते की मला कोणाची कीव नको. माझे पाय पोलादी नळीचे आहेत, बैठक पिवळ्या रेक्झिनची आहे आणि ती मधोमध फाटलेली आहे. एवढ्यावरून ज्यांना माझी योग्यता ठरवायची असेल, त्यांनी खुशाल ठरवावी. प्रत्येक गोष्टीला गुण देत बसणाऱ्या माणसांविषयी माझे मत काय आहे, ते पुढे कळेलच.

आम्ही चौघी बहिणी. ओहायोतल्या एका कारखान्यात जन्मलो आणि एका टेबलासह पिट्सबर्गमधल्या चढावरच्या एका गल्लीत नांदायला आलो. एमिल कोस्टेल्निक पोलादाच्या भट्टीवर कामाला होता. बर्नडीन त्याची नवी नवरी. एका बहिणीचा पाय बारशाला आलेल्या एका जाडजूड काकांनी मोडला. दुसरी चर्चला उसनी दिली; देवाच्या दारी गेलेली वस्तू परत मागण्याची या घरात पद्धत नव्हती. तिसरी तळघरात गंजून गेली. मी मात्र टिकले. चारचौघींत नीट उभे राहणे हे ज्याच्या त्याच्या अंगी असावे लागते.

पुढे माझी बैठक फाटली आणि एमिलने मला रस्त्यावर नेऊन ठेवले. हा अपमान नव्हता, बढती होती. आमच्या गल्लीत ज्याने फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याने बाहेर जाताना तिथे घरातली एक खुर्ची ठेवायची. ती खुर्ची आहे तोवर जागा त्याची. असा कायदा कुठे लिहिलेला नाही. परंतु शेजाऱ्याच्या खुर्चीला हात लावील असा माणूस या गल्लीत जन्मला नाही. लोक दाराला कुलूप लावायला विसरतात. खुर्ची ठेवायला विसरत नाहीत.

एमिल गेला, तेव्हा बर्नडीनने गाडी विकून टाकली. आता माझे काम संपले असे कोणालाही वाटले असते. पण पलीकडच्या घरातला स्टॅश डुडेक, उठल्यापासून निजेपर्यंत कुरकुरणारा म्हातारा, दर बर्फाला ती जागा उपसतो आणि मला तिथे उभी करतो. बर्नडीनने एकदा त्याला विचारले, "अरे स्टॅश, माझ्याकडे गाडी कुठे आहे?"

"तुझ्याकडे नसेल. चर्चचे फादर भेटायला आले तर गाडी काय माझ्या डोक्यावर ठेवतील?"

त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

या जानेवारीत बर्नडीनची मुलगी लोरीन आणि जावई ट्रेंट मुक्कामाला आले. त्यांची गाडी माझ्या जागेवर उभी राहिली आणि मी स्वयंपाकघरात आले, म्हणून पुढचे सारे मला ऐकावे लागले. ही दोघे घरी बसून संगणकावर काम करतात. त्यामुळे अमेरिकेतल्या कोणत्याही शहरात राहायला मोकळी. मोकळ्या माणसाचे हाल मी तेव्हा पाहिले. आजवर चार शहरे बदलून झाली होती, आणि प्रत्येक शहराने म्हणे त्यांची निराशा केली होती. दुकानदाराने लुगडी उलगडावीत तशी ती दोघे टेबलावर शहरे उलगडत होती. टूसॉनचे ऊन चांगले, पण पाणी कमी. बॉइसीचे डोंगर चांगले, पण विमाने कमी. रॅलेला इस्पितळे उत्तम. चॅटनूगाला नदीकाठी धावायला वाट. प्रत्येकाला दहापैकी गुण. शहरांनी यांच्यापुढे हात बांधून उभे राहायचे आणि यांनी परीक्षकासारखी मान हलवायची! यांना कोणी कधी गुण दिले असते तर काय दिले असते, हे कोणत्याच शहराला विचारले गेले नाही.

लोरीनने एक निकष मोठ्या अक्षरांत लिहिला होता: आपुलकीचे शेजारी. तो शोधण्यासाठी ती तासन्‌तास पडद्यावर नजर लावून बसे. स्टॅश बाहेर बर्फ उपसत होता. त्याच्या फावड्याचा आवाज होतो म्हणून तिने खिडकी घट्ट लावून घेतली.

नव्या शहरी बर्नडीनलाही न्यायचे ठरले होते. "आई, तुम्हीही सांगा ना," ट्रेंट माझ्यावर बसत म्हणाला. "तुम्हाला शहरात काय हवं?"

बर्नडीन जरा विचारात पडली. आयुष्यात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "शुक्रवारचे मासे," ती म्हणाली. ईस्टरपूर्वीच्या उपवासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात, आणि सारी वस्ती जेवायला लोटते.

"मासे टूसॉनलाही मिळतात की."

"मिळत असतील. पण तळायला मी असते ना इथे."

ट्रेंटने 'मासे: उपलब्ध' असे टिपून घेतले. माझ्या फाटक्या रेक्झिनची कड मी त्याच्या मांडीला शक्य तितकी टोचली. अधिक काही करणे खुर्चीच्या हाती नसते.

टूसॉन पहिले आले. "आई, तिथे बर्फ नाही, चढ नाही. तू घसरून पडशील याची मला रोज भीती वाटते गं," लोरीन म्हणाली. तिची भीती खरी होती, हे मी नाकारत नाही. बर्नडीनने दोघांच्या तोंडांकडे पाहिले, टेबलावरचे पावाचे तुकडे हाताने गोळा केले आणि ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." त्या क्षणी मला तिचाही राग आला. ज्या बाईने एमिलच्या फोरमनला जिन्यावरून खाली घालवले होते, ती गुणपत्रिकेपुढे मान तुकवून बसली!

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाची खोकी आणायला दोघे निघाली. जाताना ट्रेंटने मला उचलले आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर उलटे फेकले, पाय वर करून. "टूसॉनला काय करायचीय ही?" असे तो म्हणाला. बर्नडीन वर झोपली होती. तिला पत्ता नव्हता.

या शहाण्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या गल्लीत ऐन हिवाळ्यात कोणाची खुर्ची कचऱ्यावर दिसली, तर त्याचा अर्थ एकच. खुर्चीचा धनी वारला आणि बाहेरगावची मुले घर रिकामे करायला आली.

स्टॅश फावडे घेऊन बाहेर आला. त्याने मोकळी जागा पाहिली, मला पाहिले, आणि कानटोपी काढली. मग त्याने मला सरळ केले, बाहीने माझ्यावरचा बर्फ पुसला आणि तो घरोघर सांगत सुटला.

दुपारच्या आत बर्नडीनच्या दारात माणसे उभी होती. कोणाच्या हातात लोण्यात परतलेल्या कोबी-नूडल्सचे, म्हणजे हलुश्कीचे, पातेले, कोणाच्या हातात खसखशीचा गोड रोल. सर्वांत पुढे भाजलेले हॅम घेऊन फिलोमिना साबोल रडत होती. ही तीच फिलोमिना, जिने माशांच्या पिठात मीठ किती, या वादावरून बर्नडीनशी वर्षानुवर्षे अबोला धरला होता. मागे स्टॅश, मला काखोटीला मारून.

दार बर्नडीनने स्वतः उघडले. केसांत कुरळे करायच्या नळ्या, पायांत सपाता.

"बर्नी! तू जिवंत आहेस?" स्टॅश ओरडला.

"सकाळपासून तरी आहे."

"मग ही खुर्ची कचऱ्यावर कशी?"

फिलोमिनाने नाक पुसले. "तू मेलीस असं वाटलं म्हणून आले हं. नाहीतर आले नसते."

"ठाऊक आहे. आत ये, हॅम थंड होतंय."

खुर्च्या पुरेनात. मीही भिंतीशी लागले आणि फिलोमिना माझ्यावर बसली. तिला मी टोचले नाही.

ट्रेंट आणि लोरीन परतली, तेव्हा त्या जागेवर फिलोमिनाच्या पुतण्याची गाडी होती. खुर्ची नव्हती, म्हणून त्याने निर्धास्त उभी केली होती. मग दोघांना पार चढाच्या पायथ्याशी गाडी ठेवून, खोकी सावरत, घसरत वर यावे लागले. भरलेले स्वयंपाकघर पाहून लोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण गेलं?"

"तुझी आई," फिलोमिना म्हणाली. "पण आता बरी आहे."

हसण्याचा कल्लोळ झाला. बर्नडीन हसली नाही. तिने ट्रेंटला संगणक उघडायला सांगितला. "माझा एक निकष राहिला. मी मेले असं कळल्यावर जेवण घेऊन किती जण येतील, ते लिही."

"आई, असे आकडे कुठे मिळत नाहीत."

"इथले मिळालेत. बसलेत बघ समोर."

"पण पिट्सबर्ग आपल्या यादीतच नाही."

"का नाही?"

ट्रेंट घुटमळला. "कारण... तुम्ही इथे आधीच राहता."

हे उत्तर त्याने उच्चशिक्षित तोंडाने, भर सभेत दिले. मी त्यावर भाष्य करणार नाही.

"आणि तू पडलीस तर?" लोरीनचा आवाज फाटला. "मला फोन येईपर्यंत तू बर्फात पडून राहशील, आई!"

"फोन लागायच्या आधी स्टॅश आलेला असेल. आणि फिलोमिना हसायला येईल."

"हसून झालं की उचलीन," फिलोमिना म्हणाली.

"मी कुठेही येत नाही, लोरीन," बर्नडीन शांतपणे म्हणाली. "तुम्ही दोघं टूसॉनला सुखानं राहा. मला इथं मरायचंय, आणि त्याला अजून वेळ आहे."

लोरीन खोक्यावर बसली. "आणि आम्ही मेलो तर तिथे कोण येईल गं?" तिने विचारले. फिलोमिनाने हॅमचा जाडसा काप कापून तिच्या पुढ्यात ठेवला.

दोघे गेली, टूसॉनलाच. निघताना ट्रेंटने गाडी मध्येच थांबवली, तो चालत मागे आला, आणि त्याने मला उचलून मोकळ्या जागेवर ठेवले. तोंड घराकडे करून. खुर्चीचे तोंड रस्त्याकडे असावे लागते, एवढेही त्याला कळत नव्हते. गाडी वळेपर्यंत स्टॅश थांबला, आणि मग त्याने मला फिरवले.

आता मी इथेच आहे. एक पाय किंचित वाकला आहे. त्याची तक्रार नाही. ज्यांना शहरे पारखत हिंडायचे असेल त्यांनी हिंडावे, मला त्यांच्याशी कर्तव्य नाही. तुम्ही वाट चुकून आमच्या चढावर आलात, तर मात्र एवढे लक्षात ठेवा. मला हात लावण्यापूर्वी दार वाजवा. आत माणूस आहे.