वाहेदनं मारलेली ट्रायल

वाहेदनं उकिडवं बसून इंजिनाला तळवा लावला आणि झटक्यात काढून घेतला.

"शहादेव, गाडी टेम्पोत घालून आणली म्हणतो ना तू?"

"हाव की. इन्शुरन्स संपलाय, रोडवर कशी आणू?"

"मग टेम्पोतून आलेली गाडी गरम कशी हाय बे?"

गाडी विकायला निघालेला शहादेव कान खाजवत दुसरीकडं बघायला लागला. खोड असलेलं इंजिन गार असताना दहा किका खातं. मालक शहाणा असला की गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतो, मग गाडी कशी एका किकला चालू होते. ही चलाखी वाहेद बावीस वर्षं पकडत आला होता. नेकनूरच्या आसपास कुणीही जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक एवढंच विचारायचे, वाहेदनं ट्रायल मारली का? मारली म्हटलं की पुढं कुणी काही बघायचं नाही.

"दोन घंटे राहू दे इथं. गार झाल्यावर बघू," वाहेद म्हणाला. शहादेव चहा प्यायला गेला.

दुपार अशी सुस्तावली होती की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा वाहनांना वाट द्यायला उठत नव्हती. लिंबाखालच्या बाकड्यावर बसून वाहेदनं मोबाइल उघडला. पैसे गुंतवायच्या ॲपमधला आकडा हलत होता. पंधरा हजार टाकले होते, त्याचे महिन्यात बेचाळीस हजार झाले होते, आणि अजूनही डोळ्यांदेखत पाच वाढायचे, सात वाढायचे. ते बघता बघता वाहेदला गुंगी यायची. मग गॅरेज दिसेनासं व्हायचं, ऑइलचा वास जायचा, आणि बीडच्या बसमधून त्याची लेक उज्मा उतरताना दिसायची. फार्मसी कॉलेजचा पांढरा ॲप्रन हातावर टाकलेली. ती काहीतरी सांगत यायची, पण शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसते ओठ हलायचे. वाहेदला तेवढ्यानंही भरून यायचं.

तिच्या फीसाठी साठवलेले एक लाख ऐंशी हजार बँकेत होते. ते आज पाचच्या आत ॲपमध्ये टाकले तर तीन महिन्यांत तिप्पट होणार होते. ॲपकडून मोबाइलवर बोलणाऱ्या मॅडमनं तसं कालच कळवलं होतं. मॅडमला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण बोलायची कशी, साखर पेरल्यासारखी.

वाहेद काही खुळा नव्हता. सुरुवातीला दोनच हजार टाकून बघितले होते. मॅडमच म्हणाली होती, "सर, आधी काढून बघा ना, तुमची खात्री होऊ द्या." दहा मिनिटांत चोवीसशे खात्यात परत. मग कुठं त्यानं पंधरा हजार टाकले.

आता रक्कम लिहून झाली होती. फक्त अंगठा टेकायचा बाकी होता. पण मघाशी इंजिनाला लावलेला तळवा अजून चुरचुरत होता. वाहेदनं तो पँटला पुसला, पुन्हा अंगठा उचलला आणि तसाच बसून राहिला. काढून बघा असं तीच म्हणाली होती. त्यानं मागितलं नव्हतं. म्हणजे तिनंही गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली होती, आणि त्यानं मारली एक किक.

त्यानं रक्कम खोडली आणि मॅडमला लिहिलं, 'माझे सगळे बेचाळीस हजार आज परत पाहिजेत.'

'सर, आधी आठ हजार टॅक्स भरावा लागेल. मग रक्कम सुटेल.'

'त्यातलेच कापून घ्या.'

मग आलं, 'सर, तुमची ऑफर पाच वाजता संपत आहे.'

पंधरा हजार बुडाले. पण उज्माची फी वाचली होती. त्यानं उठून माठातलं पाणी घेतलं. दोन घोट घेतले आणि पेला तसाच खाली ठेवला. रामकिसन गुरुजी मागच्या आठवड्यात चेन कसायला आले होते. त्यांनी या ॲपबद्दल विचारलं होतं, आणि त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "ट्रायल मारली, गुरुजी. झकास हाय."

शहादेवची गाडी तशीच सोडून वाहेद निघाला.

गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मांडीवर मोबाइल, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी त्यांची बायको वच्छलाबाई तूर सोलत होत्या.

"ये, वाहेद," गुरुजी डोळे न उघडताच म्हणाले. "नारायणगडाच्या वाटेवर जागा बघितली. हिला दोन खोल्या आन् पुढं जाईचा मांडव पाहिजे. आता इथं बसल्या बसल्या मला वास आला बघ जाईचा."

"गुरुजी, पैसे टाकले का?"

"साडेअकराला. रिटायरमेंटचे सहा लाख."

"कुणाला विचारलं तरी का?"

"विचारायचं कावून? तू ट्रायल मारली होती ना."

गुरुजींच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की वाहेदला वाटलं, तोंड न उघडता मागं फिरावं. ओट्याच्या पायरीला पाय लावून तो उभा राहिला. शेवटी म्हणाला,

"गुरुजी, माझी ट्रायल चुकली."

बावीस वर्षांत हे वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं. वच्छलाबाईंचे हात थांबले. गुरुजींनी डोळे उघडले.

"आत्ता दीड वाजलाय," वाहेद घाईनं म्हणाला. "एकोणीसशे तीसला, मोबाइलवरच्या फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन लावा. पैसे पुढं सरकले नसले तर थांबवता येतात. लावा आधी."

फोन लागला. वाहेदनं स्पीकर चालू केला. पलीकडची बाई एकेक विचारत गेली. नाव, बँक, रक्कम, वेळ. मग तिनं विचारलं, "या ॲपबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

गुरुजींनी वाहेदकडं पाहिलं. समोरच्या दोन घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती.

"कुणी न्हाई," गुरुजी म्हणाले. "माझं मीच."

वाहेदनं हात पुढं केला.

"द्या इकडं, गुरुजी."

फोन तोंडाजवळ धरून, समोरच्या दारांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "लिहून घ्या, मॅडम. शेख वाहेद. गॅरेजवाला, नेकनूर. सांगणारा मी हाय."