नारळ फुटला, मी नाही

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. माझ्या नावामागे 'कैलासवासी' लावायची घाई बऱ्याच जणांनी केली, म्हणून आधीच सांगते की मी जिवंत आहे.

कुठल्याशा परदेशी कारखान्यात मी जन्मले. पोटात आरशासारखी चकती, तिला न टेकता फिरणारी सुई आणि पाठीवर वीज खेळवणारा हिरवा बोर्ड, एवढाच माझा संसार. जत तालुक्यात, फौजेतून निवृत्त झालेल्या जोतीराम सुभेदारांच्या घरी मी कॉम्प्युटरच्या डब्यात बसले. त्यांची मुलगी अंकिता प्रबंधासाठी मेंढपाळांच्या हाका गोळा करी. कळपाला बोलवायची हाक वेगळी, थांबवायची वेगळी, पाण्यावर न्यायची वेगळी. काही मराठीत, काही कानडीत, बऱ्याचशा थेट मेंढरांच्या भाषेत. सगळ्यात लांब हाक थकलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाची, सिदगोंडा आज्जाची. अख्खा पावसाळा ती माळावर हिंडली आणि रोजचं सगळं रेकॉर्डिंग माझ्या पोटात ठेवून निर्धास्त झाली. आल्यागेल्याला माझं कौतुक सांगे. सगळं एकाच ठिकाणी आहे, ही त्या घरात अभिमानाची गोष्ट होती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. कोयता, कुदळ, ट्रॅक्टर यांना ओळीने मान मिळाला आणि सुभेदार माझ्याकडे वळले. बंद हत्याराची पूजा त्यांना पटेना, म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवला. हळदीकुंकू झालं, झेंडूची माळ झाली आणि फौजी शिस्तीत त्यांनी नारळ थेट डब्यावर फोडला. नारळ चांगला पाण्याचा निघाला.

माझा बोर्ड जळाला. वास सुटला तेव्हा कुणीतरी हात जोडून म्हणालं, देव पावला.

जतच्या दुरुस्तीवाल्याने मला कानाशी धरून हलवलं आणि गेली म्हणून सांगितलं. अंकिताचे चुलते हंबीरराव म्हणाले, फ्रीजमध्ये ठेवा, गार झाली की चालते. तिथं मी काही दिवस कोथिंबिरीशेजारी काढले. दिवाळी झाली, मेंढपाळ कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागले. ते परतेपर्यंत अंकिताच्या प्रबंधाची मुदत संपणार होती. चूक सुभेदारांची होती, त्यामुळे आवाजही त्यांचाच चढला.

"हाकाच हायत्या न्हवं? पुढच्या साली परत मारत्याल की."

"सिदगोंडा आज्जाला औंदाच कसाबसा आवाज फुटलाय, पुढच्या साली कुठला, आप्पा," अंकिता म्हणाली. "आन् बोर्ड जळलाय. आतलं न्हाई जळलं."

हेच मी इतके दिवस ओरडून सांगत होते.

बापलेक मला घेऊन सांगलीला, बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या सरफराजच्या दुकानात आले. त्याने माझ्याच जातीच्या एका डिस्कचा बोर्ड मला लावला. मी फिरले आणि थांबले. परक्या बोर्डाला माझी ओळख पटेना. सरफराजने समजावलं की हिच्या खाणाखुणा जुन्या बोर्डावरच्या मुंगीएवढ्या चिपमध्ये आहेत. ती उतरवून नव्या बोर्डावर बसवता येईल, पण उतरवताना बिघडली तर मग कुणाच्याच हातात काही नाही. सुभेदार म्हणाले, नको, ऱ्हाऊ दे. अंकिता म्हणाली, "बसवा."

गरम हवेच्या झोताखाली चिप उतरली, नव्या जागी बसली. मी घरघरले. चकतीने वेग घेतला, आणि या वेळी मी थांबले नाही. सरफराजने हाताला आली ती फाईल लावली. आधी वारा, मग सिदगोंडा आज्जाची लांबलचक हाक दुकानभर पसरली. ती विरायच्या आत दुसराच आवाज मध्ये घुसला, "अंके, आवर की. मेंढरांच्या वरडण्यात काय ठेवलंय?"

लेकीला आणायला माळावर गेले होते तेव्हाचा स्वतःचाच आवाज सुभेदार ऐकत उभे राहिले. मग त्यांनी सरफराजला हळूच विचारलं, तेवढं कापता येतं का.

"न्हाई," अंकिता म्हणाली. "त्येबी प्रबंधात जाणार."

आता माझ्या पोटातलं सगळं आणखी दोन ठिकाणी उतरवलंय. त्यातली एक प्रत कडेगावला अंकिताच्या मामाकडे आहे. माझी गरज संपली, याचा मला राग नाही. मित्रांनो, जे एकदाच सापडतं ते एकट्या कुणाच्याही हवाली करू नका, मी कितीही भरवशाची दिसले तरी. आणि बंद पडलेल्याला गेला म्हणण्याआधी काय जळालंय आणि काय उरलंय, तेवढं बघा. मी कपाटात आहे. विश्वास नसेल तर वीज जोडा, हाक मारून दाखवते.